पावडर कुठवर पोचली?

फायबरचं पॅनल म्हणजे काचेचं कापड आणि त्यात मुरलेलं रेझिन. काच जळत नाही. रेझिन जळतं, आणि ते पॉलिएस्टर असेल तर काळा, दाट, काजळीने भरलेला धूर सोडत जळतं. बसचं छत, रेल्वेच्या डब्यातली खिडकीभोवतीची चौकट, मेट्रोत आपण जिला पाठ टेकतो ती भिंत, यांतलं बरंचसं काम फायबरचं असतं. ते सहजी पेटू नये, पेटलंच तर हळू जळावं, धूर कमी सोडावा, यासाठी कारखानदार कित्येक वर्षं एक साधा उपाय करत आले. रेझिनमध्ये ॲल्युमिनियम ट्रायहायड्रेटची, म्हणजे एटीएचची पांढरी पावडर कालवायची आणि ब्रश-रोलरने ते मिश्रण कापडावर थापायचं.

आता चांगले कारखाने थापणं सोडून इन्फ्युजनकडे वळले आहेत. मोल्डमध्ये कोरडं कापड अंथरायचं, वरून प्लॅस्टिकची पिशवी हवाबंद चिकटवायची, पंपाने आतली हवा ओढून घ्यायची. मग नळी उघडली की रेझिन आपोआप कापडातून सरकत जातं. माल हलका, मजबूत, सगळीकडे एकसारखा. पण नेमकी याच पद्धतीत ती पांढरी पावडर अडते.

खाली बोलणारे मामा-भाची मी रचलेले आहेत. मामांचा भोसरीत फायबरचा कारखाना. भाची आगीच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत इंजिनिअर. त्यांच्यातला वाद मात्र रचलेला नाही. मामांकडे चौकशी आली आहे ती रेल्वेच्या डब्यातल्या आतल्या भिंतींची, आणि अट आहे ईएन ४५५४५ या युरोपीय मानकाच्या सर्वांत कडक पातळीची, एचएल ३ ची. वंदे भारतच्या डब्यांसाठीही हीच पातळी सांगितली जाते.

मामा : मला सरळ सांग. हाताने थापलेलं पॅनल तुमच्याकडे पास होतं. तेच डिझाइन इन्फ्युजनने केलं की नापास का व्हावं?

भाची : कारण आतला ऐवज तोच राहत नाही, मामा. थापताना तुम्ही शंभर भाग रेझिनला शंभर-दीडशे भाग पावडर घालता. तेवढी इन्फ्युजनमध्ये घालून दाखवा.

मामा : घातली की. नळीच्या तोंडाशी पांढरंफेक, आणि पुढे जावं तसं पारदर्शक. चहाची गाळणी करते तेच कापडाने केलं. काचेचा एकेक तंतू दहा-पंधरा मायक्रॉनचा आणि दोन तंतूंमधली फट त्याहून बारीक. पावडरचा कण पाच-दहा मायक्रॉनचा असेल तर तो कशाला आत शिरतोय!

भाची : आणि जी शिरते ती रेझिन घट्ट करून ठेवते.

मामा : ते तर खरं दुखणं. इन्फ्युजनचं रेझिन शंभर ते तीनशे सेंटीपॉइजचं लागतं. पाणी म्हणजे एक, त्या मापाने. पावडर भरपूर कालवली की आकडा हजारांत जातो. आणि रेझिन पुढे ढकलायला माझ्याकडे आहे काय? फक्त बाहेरच्या हवेचा दाब. पंप कितीही भारी आणला तरी एका वातावरणापेक्षा जास्त दाब मिळत नाही.

मामांच्या या तक्रारीमागे जुना नियम आहे. फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर काम केलेल्या हेन्री डार्सी या इंजिनिअरने वाळूतून पाणी किती वेगाने झिरपतं याचा हिशोब १८५६ साली मांडला. कापडातून सरकणारं रेझिन तोच हिशोब पाळतं. द्रव चौपट घट्ट झाला तर तेवढ्याच वेळात तो निम्मंच अंतर कापतो. आणि वेळ तर ठरलेला असतो, कारण हार्डनर पडल्यापासून रेझिन घट्ट होण्याकडे निघालेलं असतं. दोन मीटरच्या भिंतीत ते मध्येच थिजलं की उरलेलं कापड कोरडं राहतं आणि अख्खा तुकडा भंगारात जातो.

भाची : मग अशा पॅनलपुरतं तरी परत हाताने थापा. आग कारखान्याची सोय बघत नाही.

मामा : सोय म्हणतेस? उघड्या मोल्डवर रेझिन थापताना त्यातलं स्टायरीन किती उडतं हे तू प्रयोगशाळेत बसून नाही जाणायची. संध्याकाळी पोरांचे डोळे लाल, डोकं जड. कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने स्टायरीनला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलंय, ते तूच मला वाचून दाखवलं होतंस. पिशवीत काम सुरू केल्यापासून शेडमधला वास गेला. आता प्रवाशाचा जीव वाचवायला माझ्या पोरांची छाती खर्ची घालायची, हा कुठला न्याय?

भाची : त्याला माझ्याकडे उत्तर नाही. खरंच नाही.

मलाही मामांचा हा मुद्दा या सगळ्या वादात सर्वांत वजनदार वाटतो. आगीच्या नियमांत प्रवासी असतो, गाडी असते, बोगदा असतो. माल घडवणारा कामगार त्यात कुठेच नसतो. ‘जुन्या पद्धतीने करा, पास होतं’ हा सल्ला द्यायला सोपा आहे. तो पाळायचा म्हणजे कोणी तरी दिवसभर त्या वाफेत उभं राहायचं. तेव्हा इन्फ्युजन ठेवूनच आगीचा प्रश्न सोडवायचा, हे आधी कबूल केलं पाहिजे. भाचीने ते केलं, आणि तिथून पुढचं बोलणं कामाचं झालं.

मामा : माझं म्हणणं ऐक. आग लागते कुठून? वरून. मग राखण वरच ठेवू. आतले कापडाचे थर, म्हणजे लॅमिनेट, स्वच्छ रेझिनने इन्फ्युज करू आणि कातडी आग झेलणारी देऊ. जेलकोट, म्हणजे सर्वांत वरचा थर, मी तसाही स्प्रेने मारतो. त्यात एटीएच घालायला कसलीच आडकाठी नाही, कारण तो कापडातून जायचाच नसतो. आणि त्याच्याखाली पहिला थर फुगणाऱ्या ग्रॅफाइटच्या पातळ कापडाचा. त्यात ग्रॅफाइट आधीच बांधलेलं असतं. रेझिन त्याच्यातून निघून जातं, कण जागेवर राहतात.

भाची : ते कापड चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही. दोनशे अंशांच्या आसपास ग्रॅफाइट फुगायला लागतं आणि आग व लॅमिनेट यांच्यामध्ये काळा, भुसभुशीत, जाड थर तयार होतो. उष्णता आत जायला वेळ लागतो. पण त्याला एकच बाजू असते, मामा. आग पॅनलच्या मागून लागली तर? मागे वायरिंग असतं. शॉर्टसर्किट तुमच्या जेलकोटच्या बाजूने थोडंच होतं?

मामा : मग मागच्या बाजूलाही तेच कापड घालतो.

भाची : आणि कडा? स्क्रूची भोकं? डबा जोडताना फिटर येतो, एसीची जाळी बसत नाही म्हणून ग्राइंडरने चौकोन मोठा करतो. तिथे तुमची कातडी संपली, आतलं साधं पॉलिएस्टर उघडं पडलं. पाच वर्षांनी डबा दुरुस्तीला येतो, कोणी तरी घासून नवा रंग मारतो. म्हणून मी म्हणते, जे आग अडवणार ते पूर्ण जाडीत पाहिजे. कुठेही कापा, आत तेच सापडलं पाहिजे.

मामा : पूर्ण जाडीत हवं तर उलट माझंच इन्फ्युजन तुला आवडायला हवं. जळणारा माल कोणता? रेझिन. मॅटवर हाताने थापलेल्या पॅनलमध्ये वजनाने काच तीस-पस्तीस टक्के, बाकी रेझिन. इन्फ्युजनमध्ये काच पासष्ट-सत्तर टक्के. तीन मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर तुकड्याचा हिशोब कर. थापलेल्या साध्या पॅनलमध्ये साधारण तीन किलो रेझिन, माझ्यात दोनच्या आत. इंधनच एक तृतीयांश कमी झालं.

भाची : थापलेल्या साध्या पॅनलशी तुलना केली तर बरोबर. पण रेल्वेला तुम्ही साधं कुठे देत होता? पावडर घातलेलं देत होता. त्यात रेझिनची एक तृतीयांश जागा पावडरनेच घेतलेली. म्हणजे रेझिन दोन किलोच्या आसपास आणि वर दोन किलो एटीएच. इंधन दोन्हीकडे सारखंच झालं. फरक उरला तो पाण्याचा.

मामा : पाण्याचा?

भाची : एटीएच म्हणजे शुष्क दिसणारं पाणीच. दोनशे अंशांच्या पुढे तापली की ती फुटते आणि वजनाच्या जवळपास ३५ टक्के पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. दोन किलो पावडरीत पाऊण किलोच्या जरा आत पाणी. फुटतानाच ती उष्णता शोषते, वाफ जळाऊ वायूंना पातळ करते, आणि मागे उरलेला ॲल्युमिनाचा थर पृष्ठभाग झाकून टाकतो. तुमच्या स्वच्छ लॅमिनेटमध्ये हे काहीच नाही. ते कमी जळेल, पण जळायला लागल्यावर त्याला आडवं येणारं कोणी नसेल.

या ठिकाणी दोघांचेही आकडे बरोबर आहेत आणि दोघांनाही त्यांतून वेगवेगळं दिसतं आहे. कोणाचं जास्त खरं, हे चाचणी काय मोजते त्यावर ठरतं. तेव्हा चाचणीकडे वळायला हवं.

भाची ज्या यंत्रावर काम करते त्याला कोन कॅलरिमीटर म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत विटेनिस बाब्रॉस्कस यांनी ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला घडवलं. दहा सेंटीमीटर चौरस तुकडा शंकूच्या आकाराच्या हीटरखाली ठेवतात. रेल्वेच्या आतल्या भिंतींसाठी हीटर चौरस मीटरला ५० किलोवॉट उष्णता फेकतो. वैशाखातलं भर दुपारचं ऊन याच मापाने एक किलोवॉटच्या आसपास असतं. तुकडा जळताना किती उष्णता सोडतो ते थेट मोजत नाहीत. धुरातला ऑक्सिजन किती घटला ते मोजतात, कारण जवळपास कुठलाही सेंद्रिय पदार्थ एक ग्रॅम ऑक्सिजन खाताना सुमारे १३ किलोजूल उष्णता देतो. त्यावरून एक सरासरी काढतात आणि त्या सरासरीचा सर्वांत मोठा आकडा धरतात. आतल्या भिंतीला एचएल २ साठी तो ९० च्या आत हवा, एचएल ३ साठी ६० च्या आत. धुराची घनता वेगळी मोजतात. चौथ्या मिनिटाला ती एचएल ३ साठी १५० च्या वर जाता कामा नये. धुरातले विषारी वायू तिसरे.

मामा : म्हणजे पहिल्या काही मिनिटांत मोठा भडका उडाला की सरासरी वर गेली. आणि पहिल्या मिनिटांत जळतो वरचा मिलिमीटर. मग माझी कातडी बरोबर ठरते की नाही?

भाची : कोनपुरती बरीचशी बरोबर ठरते. ते मी मान्य करते. चांगलं फुगणारं कापड असेल तर भडका दबतो, आणि आकडा खाली येतो.

मामा : झालं तर!

भाची : झालं नाही. कोनमध्ये तुकडा आडवा, सपाट ठेवलेला, कडा चौकटीत झाकलेल्या. फुगलेला थर त्याच्यावर निवांत बसून राहतो. तुमचं पॅनल छताचं असेल तर तोच थर खाली तोंड करून लटकतो. निसटून पडला तर खालचं उघडं. आणि तुमच्या जेलकोटमध्ये अमोनियम पॉलिफॉस्फेटवाला फुगारा वापरलात तर त्याला पाण्याचं वावडं. डबे रोज धुतले जातात. नव्या पॅनलचा आकडा मी आज देईन. दहा वर्षं धुतलेल्या पॅनलचा कोण देणार?

मामा : बसच्या कामाला कधी कोणी एवढं विचारलं नाही.

भाची : कारण गाड्यांच्या आतल्या सामानाची जुनी चाचणी आडव्या पट्टीची. एका टोकाला लहान ज्योत लावायची आणि मिनिटाला किती मिलिमीटर जळतं ते बघायचं. अमेरिकेत १९७२ पासून लागू झालेल्या नियमात मर्यादा मिनिटाला १०२ मिलिमीटरची. सिगारेटचं थोटूक किंवा काडी, एवढीच आग त्या नियमासमोर होती. फायबरचं पॅनल त्यात आरामात निघून जातं. पण १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली, २५ माणसं गेली. ती आग काडीची नव्हती.

मामा : ती फायबरमुळे लागली असं म्हणू नकोस.

भाची : म्हणतच नाही. आग कशानेही लागू दे. आतल्या भिंती आणि छत कशाचं आहे त्यावर, माणसाला बाहेर पडायला किती मिनिटं उरतात ते ठरतं. मँचेस्टरच्या विमानतळावर १९८५ साली उड्डाण घेतानाच विमानाचं इंजिन पेटलं. विमान जमिनीवरच थांबलं होतं, तरी ५५ माणसं गेली. बहुतेकांना ज्वाळांनी नाही, धुराने मारलं. दक्षिण कोरियातल्या देगूच्या मेट्रोत २००३ मध्ये एका माणसाने पेट्रोल पेटवलं आणि १९२ जण गेले. ज्या गाडीत त्याने आग लावली तिच्यापेक्षा कितीतरी जास्त लोक शेजारच्या रुळावर येऊन थांबलेल्या दुसऱ्या गाडीत मेले. आत जळण्याजोगं सामान होतं म्हणून आग एका गाडीतून दुसरीत गेली.

मामा काही वेळ गप्प राहतील असं मला वाटतं. मग ते कारखानदाराला सुचतो तो प्रश्न विचारतील.

मामा : मग पावडर नको, द्रव घालू. ब्रोमिनवालं रेझिन मिळतं, पातळ असतं, कापडातून सरसर जातं.

भाची : आणि धुरात अडकतं. ब्रोमिन ज्वाळेतली साखळी तोडतं, म्हणून ज्योत चटकन विझते. पण रेझिन अर्धवट जळत राहतं, काजळी वाढते, त्यात हायड्रोजन ब्रोमाइडसारखा झोंबणारा वायू. ज्योतीची चाचणी पास, धुराची नापास. आगीतून फुफाट्यात.

मामा : फॉस्फरसचे द्रव?

भाची : ते जास्त चांगले. पृष्ठभागावर कोळशाचा थर धरायला मदत करतात. डीएमएमपी तर पाण्यासारखं पातळ, रेझिनचा घट्टपणाही कमी करतं. म्हणजे थोडी पावडर घालायला जागा होते. पण ते रेझिनला मऊ पाडतं, उन्हात उभ्या डब्यात पॅनल वाकायची भीती. शिवाय डीएमएमपी रासायनिक अस्त्रबंदी कराराच्या दुसऱ्या यादीत आहे. कागदपत्रं नीट ठेवावी लागतील.

मामा : म्हणजे रेझिनच बदला म्हणतेस. फिनॉलिक.

भाची : विमानाच्या आतल्या भिंती त्याच्याच तर असतात. अमेरिकेच्या विमान नियमात उष्णतेचा भडका ६५ किलोवॉटच्या आत लागतो, पहिल्या दोन मिनिटांची एकूण उष्णताही ६५ च्या आत. तिथे फिनॉलिक टिकलं. जळण्याऐवजी ते कोळसा होतं, धूर फारच थोडा.

मामा : विमानवाले ते आधीच भिजवलेल्या कापडाच्या रूपात घेतात आणि गरम दाबाखाली शिजवतात. माझ्या पिशवीत त्याचं काय होतं ते सांगू? फिनॉलिक घट्ट होताना पाणी सोडतं. माझा पंप आतला दाब ४० मिलिबारच्या खाली नेतो. तेवढ्या कमी दाबाला पाणी तीस अंशांच्या आतच उकळतं. भोसरीत मे महिन्यात शेडचंच तापमान त्याच्या वर असतं. म्हणजे रेझिन घट्ट होतंय आणि आतल्या आत पाणी उकळून बुडबुडे करतंय. शिवाय त्याचं हार्डनर आम्लाचं, लोखंडी मोल्ड खातं. रंग तपकिरी, जेलकोट धरत नाही. फ्युरानचीही तीच गत. खरं तर मला फ्युरानचं फार आकर्षण. उसाच्या चिपाडापासून फरफ्युरल निघतं, त्यापासून हे रेझिन. कोल्हापूरच्या फाउंड्र्या त्याने वाळू बांधतात. आग लागली तर फिनॉलिकसारखंच कोळसा होतं. आपल्या साखर कारखान्यांचं चिपाड बॉयलरमध्ये जातं. त्यातलं थोडं असं डब्यात आलं असतं तर मला आनंदच. पण तेही पाणी सोडतं आणि आम्ल मागतं.

भाची : पंप पूर्ण ओढायचा नाही, गरम हळूहळू करायचं, पोकळ्या थोड्या चालवून घ्यायच्या. काही जण तसं करतात. भिंतीच्या पॅनलवर भार कुठे असतो?

मामा : कागदावर नसतो. दाराजवळच्या पॅनलवर हमालाने ट्रंक आपटली की असतो.

रेझिन बदलण्याचा मार्ग बंद नाही. बेन्झोक्साझिनसारखी पाणी न सोडणारी रेझिनंही आहेत, मात्र ती गरम मोल्ड मागतात आणि महाग पडतात. एका मध्यम कारखान्याच्या दृष्टीने हा नवा धंदा उभारण्यासारखाच प्रकार. मामांच्या शेडमध्ये आज जे होऊ शकतं ते मिश्र उत्तर. वरची कातडी मामांच्या मताची आणि आतलं शरीर जमेल तितकं भाचीच्या मताचं.

मामा : आतलं शरीर तुझ्या मताचं कसं करू? पावडर अडते हे मघाशीच बोललो.

भाची : लांबीतून नेली तर अडते. जाडीतून न्या. वर प्रवाहाची जाळी अंथरा, रेझिन जाळीवरून सगळीकडे पसरेल आणि मग फक्त तीन मिलिमीटर खाली उतरेल. कापड घट्ट विणीचं नको, मोकळ्या दोऱ्यांची मॅट घ्या. पावडर सर्वांत बारीक प्रतीची, रेझिन सर्वांत पातळ. थापताना घालता तेवढी नाही जाणार, पण काही तरी जाईल.

मामा : मोकळी मॅट घेतली की काच कमी आणि रेझिन जास्त. मघाशी कमावलेलं हातचं गेलं.

भाची : थोडं जाईल. ते मोजून ठरवा, नुसतं भांडून नको.

मामा : बरं, मोजू. फूटभराचं पॅनल इन्फ्युज करतो, तुझ्याकडे पाठवतो. पास झालं की ऑर्डर घेतो.

भाची : नाही. इथेच सगळे फसतात. फूटभराच्या तुकड्यात पावडरला प्रवासच नसतो. ती सगळीकडे पोचणारच. आणि तुमची भिंत दोन मीटरची. नळीजवळ पावडर भरपूर, लांबच्या कोपऱ्यात साधं रेझिन. मी पास केला तो तुकडा तुमच्या भिंतीत कुठे असतोच असं नाही. प्रमाणपत्र खरं, तुकडा खरा, आणि डब्यात बसलेला माल तिसराच.

या मुद्द्यावर मी निःसंकोच भाचीच्या बाजूने आहे. थापलेल्या पॅनलमध्ये हा प्रश्न नव्हता; बादलीत जे कालवलं तेच प्रत्येक इंचावर ब्रशने गेलं. इन्फ्युजनमध्ये बादलीतलं प्रमाण आणि कोपऱ्यातलं प्रमाण यांचा संबंध सुटतो. म्हणजे पद्धत बदलली की नमुना घ्यायची रीतही बदलायला हवी. ती बदलायची जबाबदारी प्रयोगशाळेवर ढकलून चालत नाही, कारण तिच्या दारात पोचतो तो दहा सेंटीमीटरचा तुकडा. तो कुठून कापला हे तुकड्यावर लिहिलेलं नसतं. ते फक्त कारखान्याला ठाऊक असतं.

मामा : मग पूर्ण भिंत बनवून कापायची म्हणतेस.

भाची : पूर्ण भिंत. एक तुकडा नळीजवळचा, एक मधला, आणि एक जिथे रेझिन सर्वांत शेवटी पोचलं तिथला. कोनमध्ये शेवटचा आधी जाळू. तो पास झाला तर बाकीच्यांची काळजी कमी.

मामा : माझ्याकडेही एक उपाय आहे, तुझ्या यंत्राला खर्च येण्याआधीचा. तिन्ही ठिकाणचे तुकडे भट्टीत सहाशे अंशांना ठेवायचे. रेझिन जळून जातं, काचेचे थर सुटे होतात, पांढरी पावडर खाली झडते. तिचं वजन करायचं. पावडर कुठवर पोचली ते तासाभरात कळतं.

भाची : हे फार चांगलं. भट्टीत एटीएचमधलं पाणी निघून जातं, म्हणून वजन पस्तीस टक्के कमी दिसेल, तेवढं हिशोबात धरा. आणि हे एकदाच नाही. प्रत्येक बॅचला. रेझिनचा ड्रम बदलला, कापडाचा पुरवठादार बदलला, पावसाळा लागून पावडर ओली झाली, की परत.

मामा : स्क्रूच्या भोकांचं काय ठरलं?

भाची : भोकं मोल्डमध्येच पाडून घ्या, म्हणजे कातडी कडेवरून वळून आत जाईल. जी जागेवर पाडावी लागतील त्यांच्या कडांना ब्रशने एटीएचवालं रेझिन लावा. आणि फिटरच्या कागदावर स्पष्ट लिहा, ग्राइंडर लावला की कड परत सील करायची.

मामा : आणि माझ्या होड्यांना हेच चालेल? कोकणात मासेमारीच्या होड्या मी अजून बनवतो.

भाची : इंजिनाच्या खोलीच्या भिंतीला नाही. तिथे वस्तू कमी जळणं पुरत नाही, ती उभी राहिली पाहिजे. पॉलिएस्टर शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडतं, मग त्यात पावडर असो की नसो. नॉर्वेच्या नौदलाची ओर्कला ही फायबरची बोट २००२ मध्ये पेटली ती शेवटी बुडालीच. भार घेणाऱ्या भिंतीला आगीच्या बाजूने खनिज लोकरीचं आवरण लागतं, म्हणजे लॅमिनेट तापतच नाही.

मामा : पण पोलादापेक्षा फायबर बरंच म्हणायचं. भिंतीच्या एका बाजूला आग असली तरी दुसऱ्या बाजूला हात लावता येतो. उष्णता चालतच नाही त्यातून.

भाची : पहिली काही मिनिटं हो. म्हणून तर ते आवरण घातलं की फायबरची भिंत चांगली काम करते. पण ते वेगळं काम, वेगळी चाचणी. डब्याच्या भिंतीचा कागद होडीला लावू नका.

मामा : नाही लावत. आता एक सांग, दोन मीटरची अख्खी भिंत बनवायची आणि कापून जाळायची, तेही प्रत्येक बॅचला. माल, मजुरी, तुझ्या यंत्राची फी. हे कोणाच्या खिशातून?

भाची : कोटेशनमध्ये वेगळी ओळ करून लिहा. कापून जाळायची पॅनलं, नग अमुक, दर तमुक. ज्यांनी एचएल ३ मागितली आहे त्यांना ती ओळ दिसली पाहिजे.

मामा : दुसरा कोणी ती ओळ न घालता कमी दर देईल.

भाची : देईल. मग तुम्ही ऑर्डर देणाऱ्यांनाच लेखी विचारा, त्या स्वस्त पॅनलचा नमुना भिंतीच्या कुठल्या कोपऱ्यातला होता.